डेड स्टॉक रजिस्टरात नसलेली मालमत्ता

सरकारी कार्यालयात कागदावर तरी काही हरवत नाही. खुर्ची, मोडक्या हाताचं टेबल, भिंतीवरचं बंद घड्याळ, अगदी पाण्याचा पिंपसुद्धा. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेला असतो आणि तो नंबर डेड स्टॉक रजिस्टरात सापडतो. बदली झालेला लिपिक चार्ज देताना खुर्च्या मोजून देतो. एक कमी भरली तर नवा माणूस सही करत नाही. नेटवर्कच्या कामासाठी मी मराठवाड्यातल्या पाच-सहा जिल्ह्यांत वर्षभर फिरतो. ज्या खोलीला सगळे सर्व्हर रूम म्हणतात (आणि जिच्यात निम्मी जागा जुन्या निवडणुकांच्या पेट्यांनी अडवलेली असते) तिथल्या रॅकमधल्या मोठ्या स्विचवरही, म्हणजे कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रावरही, तो नंबर असतो. त्या स्विचच्या पोटात मात्र एक फाइल असते. तिच्याशिवाय तो काही लाखांचा डबा त्या कार्यालयाच्या काहीच कामाचा नाही. तिची नोंद मी आजवर एकाही रजिस्टरात पाहिलेली नाही.

या फाइलला कॉन्फिगरेशन म्हणतात. कोणतं पोर्ट (वायर खोचायची जागा) कोणत्या विभागाचं, कोणी कोणाशी बोलायचं, कोणी नाही, बाहेरची वाट कुठून, आत यायचा पासवर्ड कोणता, हे सगळं तिच्यात असतं. ही फाइल ठेकेदाराची नाही, कंपनीची नाही आणि ती बनवणाऱ्या माझ्यासारख्याचीही नाही. ती कार्यालयाची मालमत्ता आहे. ती चार्ज लिस्टमध्ये आली पाहिजे, आणि रिकाम्या उपकरणावर चढवून ती चालते हे दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघता कामा नये. हे म्हणण्यापर्यंत मला आणलं ते एका रुग्णालयानं.

सरकारी रुग्णालय, मराठवाड्यातलंच. नाव सांगत नाही. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात आवारात वीज पडली. दोन इमारतींमध्ये कोणीतरी पैसे वाचवायला फायबरऐवजी तांब्याची केबल टाकलेली होती. तिच्यातून झटका आला आणि मुख्य स्विचमधलं अठ्ठेचाळीस पोर्टांचं एक कार्ड जळालं. स्विच मॉड्युलर, म्हणजे मोठं चेसिस (सांगाडा), त्यात स्लॉट (खाचा), प्रत्येक स्लॉटला वेगळं कार्ड. एवढा महाग प्रकार घेतात तो याचसाठी की एक कार्ड गेलं तरी बाकीचं चालू राहावं, नवं कार्ड सरकवावं, काम संपलं. स्थानिक तंत्रज्ञानं जळालेलं कार्ड काढलं, स्विच बंद करून पुन्हा चालू केला. केसपेपरची खिडकी आणि प्रयोगशाळेची दोन यंत्रं दुसऱ्या कार्डावरच्या रिकाम्या पोर्टांवर हलवली, त्या पोर्टांची सेटिंग केली आणि शेवटी शिस्तीत सेव्हचा हुकूम दिला. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

अकरा दिवसांनी वॉरंटीतलं नवं कार्ड आलं. बसवलं. हिरवे दिवे लागले. आणि त्या कार्डावरचा एकही संगणक चालेना. मला फोन आला, "सर, कार्ड तर नवंकोरं हाय, मग कामून बंद हाय ओ?"

कामून, ते समजायला स्विचची स्मरणशक्ती कशी असते ते थोडं सांगावं लागेल. तिच्यात एक फळा असतो आणि एक वही. चालू असताना स्विच जे पाळतो ते फळ्यावर असतं. त्याला रनिंग कॉन्फिगरेशन म्हणतात. वीज गेली की फळा पुसला जातो. वहीत लिहिलेलं, म्हणजे स्टार्टअप कॉन्फिगरेशन, वीज गेल्यावरही टिकतं. चालू होताना स्विच वही उघडतो आणि फळ्यावर उतरवून घेतो. बदल करून सेव्ह केलं नाही तर तो फक्त फळ्यावरच राहतो आणि पुढच्या भारनियमनाला उडून जातो, हे आमच्याकडच्या प्रत्येक तंत्रज्ञाला ठेच लागून माहीत असतं. पण त्या रुग्णालयात उलटं घडलं. स्विच चालू झाला तेव्हा जळालेलं कार्ड जागेवर नव्हतं. अशा वेळी काही जुनी मॉडेल्स वहीतल्या त्या कार्डाच्या ओळी वाचतात, तसं कार्ड दिसत नाही म्हणून त्या सोडून देतात आणि फळ्यावर घेतच नाहीत. मग सेव्हचा हुकूम आला. सेव्ह म्हणजे वहीतलं खोडून फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणं. अठ्ठेचाळीस पोर्टांच्या सगळ्या ओळी वहीतूनही गेल्या. जपून ठेवायच्या हुकमानंच नोंद पुसली गेली.

नवीन उपकरणांत कोणत्या स्लॉटला कोणतं कार्ड अपेक्षित आहे हे आधी सांगून ठेवता येतं, त्यामुळे कार्ड नसतानाही ओळी राहतात. पण आपल्याकडची उपकरणं बारा-पंधरा वर्षं चालतात. ती चालवावीच लागतात.

तीन दिवस लागले. फाइलची प्रत कार्यालयात नव्हती. बसवणाऱ्या ठेकेदाराचा करार संपला होता. ज्या मुलानं हे सेटिंग केलं होतं तो आता पुण्यात दुसऱ्या कंपनीत. फोन उचलला, बिचारा चांगला बोलला. "होती ना सर फाइल, पण त्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये होती, तो मी जमा केला." मग आम्ही वायर टोनर, म्हणजे वायरचं दुसरं टोक शोधून देणारं उपकरण, घेऊन एकेक वायर हुडकत गेलो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला रुग्णालयाचे शिपाई मामा. कोणती वायर कुठल्या खोलीत जाते हे खरं तर त्यांनाच पाठ होतं. संपूर्ण रुग्णालयाच्या नेटवर्कचा एकमेव शिल्लक दस्तऐवज म्हणजे मामांची आठवण होती आणि ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते.

खरी काळजीची गोष्ट तर कोणाच्या लक्षातही आली नव्हती. कोरं कार्ड आलं की त्यावरची सगळी पोर्टं कारखान्यातल्या मूळ अवस्थेत असतात, म्हणजे सगळी एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागाला व्हीलॅन म्हणतात), सगळ्यांना एकाच अंगणात सोडल्यासारखी. कोणी घाईत संगणकांना नेटवर्कचे तात्पुरते पत्ते टाकून ते नेटवर्क तसंच चालू केलं असतं तर रक्तपेढीचा संगणक, लेखा विभाग, सीसीटीव्ही आणि प्रतीक्षा कक्षातलं वाय-फाय यांच्यामधली भिंत पडली असती आणि सगळं छान चालतंय असंच दिसलं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तिथले सर्व्हर बसले, पुढचे बरेच दिवस रुग्णांची नोंदणी हातानं करावी लागली. त्यावर सरकारनं संसदेत जे कारण सांगितलं ते नेटवर्कचे भाग नीट वेगळे न केल्याचं होतं. हे भाग वेगळे होतात ते याच फाइलमधल्या ओळींनी. म्हणजे प्रश्न नुसता तीन दिवसांच्या खोळंब्याचा राहत नाही.

मॉड्युलर उपकरणाबद्दल खरेदी समितीत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. एवढं महाग घेतलंय, दोन-दोन कंट्रोल कार्डं आहेत, दोन पॉवर सप्लाय आहेत, आता बॅकअप कशाला? कंट्रोल कार्ड म्हणजे सगळा स्विच चालवणारं मुख्य कार्ड. दुसरं कंट्रोल कार्ड पहिल्याची सावली असतं. पहिल्यावर केलेला बदल ते लगेच स्वतःकडे घेतं, आणि चूकही तितक्याच तत्परतेनं घेतं. त्या रुग्णालयात दोन कंट्रोल कार्डं असती तर दोन्ही वह्यांतून त्या ओळी गेल्या असत्या. शिवाय फाइल बहुतेक वेळा चेसिसमध्ये नसतेच, ती कंट्रोल कार्डावर असते. एकुलतं कंट्रोल कार्ड बदललं की नंबर टाकलेला डबा तोच राहतो आणि त्याचं डोकं कोरं होतं. चांगलं कार्ड एका स्लॉटमधून काढून दुसऱ्यात घातलं तरी पोर्टांची नावं बदलतात, कारण नावातच स्लॉटचा आकडा असतो. आणि फाइल म्हणजे तरी एकच कुठे? सिस्को कंपनीच्या अनेक स्विचांत व्हीलॅनची यादी वेगळ्याच फाइलमध्ये राहू शकते, मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये ती दिसतही नाही. कूटबद्ध करायच्या गुप्त किल्ल्या त्या प्रतीत उतरत नाहीत. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली असेल तर जुन्या फाइलमधल्या काही ओळी नव्या आवृत्तीला कळत नाहीत. म्हणून "बॅकअप आहे आमच्याकडे" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कधी चढवून बघितलाय का? आजवर दोन जणांनी हो म्हटलं आहे.

मालकीचा प्रश्न मी उगाच मोठा करतोय असं वाटत असेल तर सॅन फ्रान्सिस्को शहराची गोष्ट पाहा. २००८ च्या जुलैत तिथल्या महापालिकेच्या फायबरवॅन नावाच्या नेटवर्कचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या एकट्या कर्मचाऱ्याकडे होते आणि त्यानं ते वरिष्ठांना द्यायला नकार दिला. अटक झाली. नकार दिल्यापासून बारा दिवसांनी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन भेटले तेव्हा त्यानं ते त्यांच्या हाती दिले. २०१० साली तो दोषी ठरला, चार वर्षांची शिक्षा झाली. त्या काळात शहराचं नेटवर्क बंद पडलं नव्हतं, ते उत्तम चालू होतं. पण काही उपकरणांत त्यानं कॉन्फिगरेशन वहीत ठेवलंच नव्हतं, फक्त फळ्यावर. पासवर्ड तोडायला उपकरण बंद-चालू करावं लागतं, आणि बंद केलं की फळा पुसला. उपकरणं शहराची, केबल शहराची, वीजबिल शहराचं, आणि तरी शहराला आपल्याच नेटवर्कला हात लावता येईना. काही जण त्याची बाजू घेतात, म्हणतात वरिष्ठांच्या हाती दिलं असतं तर त्यांनी वाट लावली असती. असेलही. एका माणसाच्या सचोटीवर शहर चालवायची वेळ येऊ नये, एवढं तरी त्याच्या समर्थकांनाही मान्य व्हावं.

आपल्याकडे असा हट्टी माणूस क्वचितच असतो. आपल्याकडे साधा करार संपतो, आणि तेवढ्यानंच काम भागतं.

कागद कुठं ठेवला जातो याला किती किंमत आहे हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आठही जिल्ह्यांतल्या कार्यालयांतली जुनी दप्तरं उघडली गेली. मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकायची होती. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, त्या महिन्यांत एक गोष्ट घराघरांत कळली. शंभर वर्षांपूर्वी कोणा कारकुनानं लिहिलेली एक ओळ सापडली तर घराचं नशीब बदलतं, आणि न सापडली तर पुरावा नाही. ती दप्तरं कार्यालयात राहिली म्हणून शोधता तरी आली. तो कारकून बदली होताना गाठोडं घरी घेऊन गेला असता तर? आज आपण रुग्णालयाचं, पंचायत समितीचं, महाविद्यालयाचं एक दप्तर रोज ठेकेदाराच्या मुलाच्या लॅपटॉपमधून घरी जाऊ देतो.

कायद्याच्या भाषेतही हे बसतं. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यातल्या व्याख्येत संगणकानं किंवा इतर उपकरणानं तयार केलेलं साहित्यही येतं. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायची सक्ती केली. म्हणजे कोण आलं-गेलं याची नोंद जपायची हे ठरलं आहे. दाराला कुलूप कोणतं आणि भिंत कुठं याची नोंद तेवढ्याच गांभीर्यानं जपावी, असं म्हणण्यात काही क्रांतिकारक नाही.

आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण निम्मे माझ्याच धंद्यातले लोक घेतात. पहिला, की ही आमची बौद्धिक संपदा आहे. ठेकेदार म्हणतो, रचना आम्ही केली, ती दुसऱ्याला देऊन तुम्ही उद्या त्याच्याकडून स्वस्तात काम करून घ्याल. हो, घेऊ. वास्तुविशारदानं घराचा नकाशा मालकाला दिला म्हणजे त्याची कला लुटली गेली असं होत नाही, आणि रुग्णालयाच्या रक्तपेढीचा नेटवर्कमधला पत्ता व व्हीलॅनचा नंबर यात कला फारशी नसते. माझ्या मते या आक्षेपाखाली खरी भीती वेगळी आहे. फाइल हातात ठेवली की पुढचा देखभाल करार आपोआप आपल्याकडे येतो. धंदा म्हणून मला ते समजतं, मीही बिलाची वाट बघणारा माणूस आहे. पण तो आडवाटेनं मिळालेला करार आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा. फाइल सरकारी कार्यालयात दिली की ती फुटणार. तिच्यात पासवर्ड असतात. सिस्कोच्या 'टाइप ७' पद्धतीनं झाकलेला पासवर्ड उघडायला काही सेकंद पुरतात, तो झाकलेला म्हणणंच चुकीचं. फाइल हलवायला आमच्यात टीएफटीपी सर्रास वापरतात, त्याच्यात समोरचा कोण हे विचारायची सोयच नाही. आणि मला स्वतःला एका कार्यालयाची संपूर्ण कॉन्फिगरेशन वॉट्सॲपवर आलेली आहे, पासवर्डसकट, खाली हात जोडलेली इमोजी. तेव्हा भीती खोटी नाही. पण आज ती फाइल सुरक्षित आहे का? ती नोकरी सोडलेल्या मुलांच्या मेलमध्ये आहे. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे वेबसाइटवर टांगा असं मी म्हणत नाही. तिजोरीची किल्लीही सार्वजनिकच असते, ती कोषागारात सीलबंद असते आणि तिच्या प्रतीची नोंद असते. माहिती अधिकारातही सुरक्षेसाठी अपवाद आहेत. फाइल कूटबद्ध करून ठेवावी, पासवर्ड उलटे न फिरवता येणाऱ्या पद्धतीनंच साठवावेत, दोन अधिकाऱ्यांच्या सहीशिवाय उघडू नये.

तिसरा आक्षेप, आमच्या कार्यालयात ते कोणाला कळतं? कळायची गरज नाही. सातबारा हातात असलेल्या शेतकऱ्याला मोजणी येत नाही, मोजणीदार बोलावता येतो. सातबाराच नसेल तर मोजणीदारही बांधावर उभा राहून डोकं खाजवतो.

खर्चाचा आक्षेप कोणी घेतला तर मला हसू येतं. ही साधी मजकुराची फाइल असते. एका जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांच्या मिळून एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील. बदल झाला की आपोआप प्रत घेऊन कालच्या आणि आजच्या प्रतीत कुठली ओळ बदलली ते दाखवणारी रॅन्सिड, ऑक्सिडाइज्ड ही साधनं फुकट मिळतात. जुनिपर कंपनीच्या उपकरणांत तर बदल करून दहा मिनिटांत पक्का केला नाही तर तो आपोआप मागे घेण्याची सोय आहे. नांदेडात बसून किनवटच्या स्विचला हात लावताना आपणच बसलेली फांदी तोडणाऱ्याला तिची किंमत कळते. पैसा हा अडसर नाही, कोणाच्या रकान्यात हे काम येतं हे ठरलेलं नाही एवढंच आहे.

हे रुग्णालयापुरतं नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना घ्या. तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचं मॉड्युलर यंत्र, त्यातल्या कार्डांवरून निघालेलं फायबर गावोगावच्या ग्रामपंचायतीतल्या छोट्या डब्यापर्यंत. त्या डब्याचा क्रमांक तालुक्याच्या यंत्रात नोंदवलेला असावा लागतो. नोंद गेली तर फायबर शाबूत, दिवा शाबूत, आणि गावात नेट नाही. गावात मग म्हणतात, रस्त्याच्या कामात केबल तुटली असेल, आणि जेसीबीवाल्याला शिव्या बसतात. शेतकऱ्याचा पीकविमा भरायची शेवटची तारीख असते, तो तालुक्याला गाडीभाडं घालून जातो. एका कंट्रोल कार्डाची कोरी वही किती गावांना महाग पडते ते ज्यांनी ती निविदा लिहिली त्यांच्या घरापर्यंत पोचत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल नावाच्या सोयीतली फट वापरून जगभरातल्या स्विचांची कॉन्फिगरेशन पुसण्यात आली. इराणच्या मंत्र्यांनी तेव्हा सांगितलेले आकडे जगभरात दोन लाख आणि त्यांच्या देशात साडेतीन हजार असे होते. अशा दिवशी ज्याच्याकडे फाइल आहे तो ती चढवतो, दुपारच्या चहाला मोकळा होतो. ज्याच्याकडे नाही तो वायर टोनर शोधत बसतो. आपल्या आठ जिल्ह्यांत टोनर तरी किती असतील याचा मी कधीकधी विचार करतो.

तेव्हा निविदेत तीन ओळी घाला. काम पूर्ण झाल्यावर कॉन्फिगरेशन, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि कोणत्या स्लॉटला कोणतं कार्ड याची यादी कार्यालयाच्या ताब्यात द्यावी. देखभालीच्या काळात प्रत्येक बदलानंतर नवी प्रत द्यावी. आणि अखेरचं दहा टक्के बिल मिळण्याआधी अधिकाऱ्यांसमोर त्याच प्रकारच्या कोऱ्या उपकरणावर फाइल चढवून दाखवावी. शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त आरडाओरड होईल, म्हणून तीच सोडू नका. नव्या उपकरणांचं नियंत्रण कंपनीच्या क्लाउडवर असतं तिथं तर हे आणखी आधी विचारा, परवाना संपल्यावर आमची फाइल आम्हाला कोणत्या रूपात मिळणार? मी ऐकलेली उत्तरं फार लांबलचक होती.

त्या रुग्णालयातलं काम संपल्यावर मी नवी फाइल, स्लॉटांची यादी आणि मामांनी सांगितलेला खोल्यांचा नकाशा पेन ड्राइव्हवर कूटबद्ध करून दिला, दुसरी प्रत तिजोरीत ठेवायला सांगितली. लिपिक मॅडमनी डेड स्टॉक रजिस्टर काढलं आणि थांबल्या. वस्तूचं नाव, नग, दर, असे रकाने होते. "सर, दर काय लिहू?" मला उत्तर सुचेना. त्यांनी थोडा विचार करून लिहिलं: पेन ड्राइव्ह, नग १, दर रु. ३५०. मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: "यात स्विचची फाइल आहे. चार्ज देताना उघडून दाखवणे."